तांब्याचे पाणी आणि लिंबाची फोड

काही महिन्यांपूर्वी बहात्तर वर्षांच्या एक आजी सुनेसोबत दवाखान्यात आल्या. पंधरा दिवसांपासून रोज सकाळी मळमळ, पोटात कळ आणि अधूनमधून उलटी. मधुमेहाची गोळी बाधत असावी, या समजुतीने मुलाने ती परस्पर बंद केली होती. साखर वाढली, मळमळ मात्र तशीच राहिली. दिनक्रम विचारला तेव्हा आजी सहज म्हणाल्या, “रात्री तांब्याच्या लोट्यात पाणी भरून त्यात लिंबू पिळून ठेवते आणि पहाटे अनशापोटी घेते.” दुखण्याचे मूळ तेथेच हाती लागले.

साध्या पाण्यात तांबे फार थोडे उतरते. पाण्यात आलेला तांब्याचा अणू दोन धन प्रभार धारण करून आयनरूपाने स्थिर होतो; एकच प्रभार असलेला आयन साध्या पाण्यात सहसा टिकत नाही. हे आयन जंतूंना मारक ठरतात. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसाराचे जंतू नष्ट झाल्याचे आढळले. त्या पाण्यात तांबे होते लिटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे.

लिंबू पिळताच हे गणित बदलते. आम्ल भांड्यावरील ऑक्साइडचा थर विरघळवते आणि सायट्रिक आम्ल तांब्याच्या आयनांना धरून ठेवते. त्यामुळे रात्रभर तांबे पाण्यात उतरतच राहते. चिंच-लिंबाने घासलेले भांडे लखलखते, ते याच कारणाने. विरघळलेले तांबे अधिक झाले की जठराच्या अस्तराचा दाह होतो आणि मळमळ व उलट्या सुरू होतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावण्याची आपली जुनी रीत म्हणजे अन्न आणि तांबे यांच्यामध्ये कथिलाचा पडदा धरणेच होय.

म्हणून तांब्याच्या भांड्यात केवळ साधे, स्वच्छ पाणी ठेवावे. लिंबू, ताक, कोकम सरबत, आमटी यांना तेथे स्थान नाही. भांडे आंबट पदार्थाने घासल्यावर भरपूर पाण्याने धुवावे. हिरवट थर दिसल्यास वा पाणी कडवट, धातूसारखे लागल्यास ते पिऊ नये. विल्सन रोगात शरीराला जादा तांबे बाहेर टाकता येत नाही. अशा रुग्णांनी तांब्याची भांडी वापरू नयेत. यकृताचा अन्य आजार असल्यास डॉक्टरांना विचारावे.

आजींनी लिंबू काचेच्या पेल्यात पिळायला सुरुवात केली. चार दिवसांत मळमळ थांबली आणि बंद केलेली गोळी पुन्हा सुरू झाली. शुश्रूषा करणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे : वृद्धांना नवा त्रास सुरू झाला तर औषध परस्पर बंद करू नका. आधी विचारा, घरात नवे काय सुरू झाले आहे?