सचोटीचा जुगार

मुंबईचे ‘मटका किंग’ रतन खत्री ता. ९ मे २०२० रोजीं वारले. तेव्हांपासून त्यांच्याविषयीं जें जें बोललें व लिहिलें जातें, त्यांत एका गुणाचा उल्लेख हटकून असतो. खत्री जुगार चालवीत खरे, पण सचोटीनें चालवीत. पत्ते चारचौघांच्या देखत काढीत, लागलेला आकडा फिरवीत नसत, जिंकणाऱ्याचा पैसा बुडवीत नसत. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या एका सिंधी तरुणानें केवळ बुद्धीच्या जोरावर एवढा पसारा उभारला, ह्याचें कौतुक करण्यास आमच्या सुशिक्षित घरांतून आतां संकोच वाटेनासा झाला आहे. १९७५ सालच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटांतील प्रेमनाथांची भूमिका त्यांच्यावरून बेतलेली होती, हेंही मोठ्या अभिमानानें सांगितलें जातें. मृताविषयीं वाईट बोलूं नये हा शिष्टाचार आम्हांसही मान्य आहे. परंतु शिष्टाचारासाठीं हिशेब चुकीचा मांडावा, असें कोणत्याही शास्त्रांत सांगितलेलें नाहीं.

प्रथम हा खेळ काय होता तें पाहूं. न्यूयॉर्कच्या बाजारांतील कापसाचे भाव मुंबईस येत, आणि उघडत्या व मिटत्या भावांच्या आकड्यांवर येथें पैजा लागत. १९६१ च्या सुमारास हे भाव येणें बंद पडलें. मग १९६२ सालीं वरळीचे कल्याणजी भगत ह्यांनीं, व १९६४ सालीं खत्री ह्यांनीं, कापसाचा आधार सोडून नुसते आकडेच काढण्यास आरंभ केला. आधीं मडक्यांत चिठ्ठ्या असत, म्हणून तो मटका. पुढें पत्ते आले. तीन पत्ते काढावयाचे, त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक तो ‘ओपन’. मागाहून आणखी तीन, तो ‘क्लोज’. दोन्ही मिळून ‘जोडी’. आमच्या वाशीम-कारंज्याकडील वाचकास ह्या उत्पत्तीची गंमत वाटल्यावांचून राहणार नाहीं. ज्या भावाकडे वऱ्हाडचा शेतकरी वर्षभर डोळे लावून बसतो, त्याच भावाचा आकडा मुंबईंत पैजेला लागला. आणि पुढें तर कापूसही नको, भावही नको, आकडा तेवढा पुरे, अशी ह्या व्यवहाराची ‘प्रगति’ झाली!

आतां सचोटीकडे वळूं. ह्या खेळांतला रूढ भाव असा कीं, एक अंक लागला तर रुपयास नऊ रुपये, व जोडी लागली तर रुपयास नव्वद. अंक दहा आहेत, जोड्या शंभर आहेत. शंभर माणसांनीं शंभर जोड्यांवर एकेक रुपया लावला, तर जमले शंभर, वाटले नव्वद, उरले दहा. ह्याला कोणत्याही लबाडीची गरज नाहीं. उलट लबाडी केली तर गिऱ्हाईक पळेल आणि हे दहा रुपये बुडतील. अर्थात् खत्री ह्यांची सचोटी हें त्यांचें भांडवल होतें, व तें त्यांनीं कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्याप्रमाणें जपलें. ज्या दुकानाचा तराजूच मुळीं शेंकडा दहानें खोटा घडविला आहे, तेथील वाणी वर आणखी दांडी मारीत नाहीं, म्हणून त्याची आरती ओवाळावयाची काय? कौटिल्यानेंही द्यूत राज्याच्या नजरेखालीं चालूं दिलें, खोटे फासे वापरणारास दंड सांगितला, आणि जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच घेण्याचा अधिकार द्यूताध्यक्षास दिला. परंतु ह्या अध्यक्षाला त्यानें ‘राजा’ म्हटलें नाहीं. राजा वेगळा होता आणि त्याला दुसरीं कामें होतीं.

हे दहा रुपये कोणाचे, हा प्रश्न कौतुक करणाऱ्यांपैकीं कोणीही विचारीत नाहीं. गिरणगांवांतल्या कामगाराचे, कोंकणांत व घाटावर मनिऑर्डरची वाट पाहणाऱ्या घराचे. १९८२ च्या संपानें त्या कामगाराची गिरणी गेली. त्याच्या हालांवर नाटकें झालीं, ग्रंथ झाले, आणि तें योग्यच झालें. परंतु संपाच्या आधींचीं वीस वर्षें त्याच्या पगारांतून रोज जो वाटा गळत होता, त्याला कारखानदार जबाबदार नव्हता. त्याचा इतिहास लिहावयास बसलों कीं आमची लेखणी कामगाराला सोडून मटक्याच्या मालकाच्या रुबाबाकडे धांवते. आणीबाणींत खत्री एकोणीस महिने तुरुंगांत होते, तें तर जणूं देशभक्ताचें तप म्हणून सांगतात.

दुसरा पक्ष अधिक हुषार आहे, व वर्गांतही तो मजपुढें नेहमीं येतो. मटका निव्वळ नशिबाचा, हें तो मान्य करतो; परंतु पोकरसारखा पत्त्यांचा खेळ बुद्धीचा आहे, तेव्हां त्यांतील धंदेवाईक खेळाडूस जुगारी म्हणूं नये, असें त्याचें म्हणणें. मग त्या पक्षाचा सर्वांत मोठा वीरच घेऊं. अमेरिकेंतील स्टू अंगर ह्यानें पोकरची जागतिक मुख्य स्पर्धा १९८०, १९८१ व १९९७ अशी तीनदां जिंकली. त्याची स्मरणशक्ति अशी कीं, रमीच्या एका प्रकारांत त्याच्यासमोर बसावयास कोणी धजेना. त्याच्या बुद्धीविषयीं आम्हांस शंका नाहीं, आणि ती होती म्हणूनच हें उदाहरण घेतलें. १९९७ सालीं त्यास दहा लाख डॉलर मिळाले. प्रवेशाचे दहा हजार दुसऱ्यानें भरले होते, म्हणून निम्मे त्याला गेले. उरलेले निम्मे कांहीं महिन्यांतच खेळांवरील पैजांत आणि कोकेनमध्यें संपले. २२ नोव्हेंबर १९९८ रोजीं लास वेगासमधील एका स्वस्त मोटेलांत तो मेला. वय पंचेचाळीस, जवळ सुमारें आठशें डॉलर. अंत्यविधीसाठीं मित्रांस वर्गणी काढावी लागली. पत्त्यांच्या टेबलावर जिंकलेला पैसा, जेथें त्याची बुद्धि कांहींच चालत नव्हती अशा पैजांवर त्यानें उधळला. इकडे खत्रीही धंदा सोडल्यावर महालक्ष्मीच्या शर्यतींस घोड्यांवर पैसे लावावयास जात. शेंकडा दहाचें रहस्य ज्याला सर्वांत उत्तम ठाऊक, तो म्हातारपणीं खिडकीच्या दुसऱ्या बाजूस जाऊन उभा राहतो! कौशल्याचा पक्ष घेणारांनीं ह्याचा खुलासा करावा.

कोणी नलाची कथा पुढें करील. दमयंती आमच्या विदर्भाची, म्हणून ती आम्हांस सांगावयास हवी असें नाहीं. विदर्भाकडे रथ चालला असतां ऋतुपर्णानें बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें पाहतांच मोजून दाखविलीं, आणि अश्वविद्येच्या मोबदल्यांत नलास अक्षहृदय दिलें. त्या विद्येनें नलानें पुष्कराकडून राज्य परत जिंकलें. कथा खरी, पण ती व्यासांनीं कोठें घातली आहे तें पहावें. वनांत बसलेल्या युधिष्ठिरास बृहदश्व ती सांगतो, आणि शेवटीं तीच विद्या त्यालाही देतो. त्या विद्येचें पुढें काय झालें? विराटाच्या घरीं कंक होऊन धन्याची करमणूक करण्यापुरती ती उपयोगीं पडली. राज्य परत मिळालें तें कुरुक्षेत्रावर.

सरकारचीही भूमिका स्वच्छ नाहीं. मटक्याचे अड्डे मोडणाऱ्या महाराष्ट्रानें १९६९ सालीं स्वतःची लॉटरी काढली. सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं जुगारास व्यापाराचें संरक्षण नाकारलें, व १९६७ सालीं रमी कौशल्याची ठरविली. ह्या दुसऱ्या निर्णयाच्या आडोशास पुढें मोबाइलवरच्या पत्त्यांचा बाजार वाढला, आणि खत्रींच्या अड्ड्यावर जाण्यास जो भ्याला असता, तो पदवीधर मुलगा घरींच अंथरुणांत पडून खेळूं लागला. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें पैशाच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य व नशीब हा भेद पुसून टाकला. हें झालें तें बरें झालें. परंतु मधल्या काळांत किती घरें ओलीं झालीं, त्याची नोंद कोणी ठेविली?

खत्री ह्यांचा वारसा पहावयाचा असेल तर मुंबईस जाण्याचें कारण नाहीं. आमच्या विदर्भांत ह्या खेळास आजही ‘वरली’ म्हणतात. ज्यानें वरळी कधीं पाहिली नाहीं, त्याच्याही तोंडीं तें नांव आहे. स्थानिक वृत्तपत्रांत पोलिसांच्या छाप्याची बातमी येते, आणि तिच्या शेवटीं जप्त मालाची यादी असते: आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या, एक पेन, कांहींशें रुपये रोख.