गोसेवेला हवी सावधगिरीची जोड

महाड तालुक्यातील तुडील असो की पोलादपूरच्या डोंगरकुशीतील एखादी वाडी, या मुलखात गोठा हा घराचाच एक भाग असतो. धो धो पावसात गुरे चार-चार महिने बांधलेली राहतात. घरातील कर्ते पुरुष चाकरमानी म्हणून मुंबईला असतात. धार काढणे, शेण भरणे, वासरू पाजणे ही कामे घरच्या स्त्रिया आणि वृद्ध मंडळी करतात. अशा घरातील गुराच्या सडांवर फोड उठले, तर त्याची झळ प्रथम या हातांना लागते. म्हणूनच गुरांपासून माणसाला होणारी देवी हा केवळ पशुवैद्यांचा विषय उरत नाही. तो कुटुंबाच्या आरोग्याचा विषय ठरतो.

गाईच्या देवीने मानवजातीवर केवढे उपकार केले आहेत, हे सर्वश्रुत आहे. गवळणींना गाईची देवी येऊन गेली की त्यांना मोठी देवी येत नाही, या लोकानुभवाच्या आधारे १७९६ साली एडवर्ड जेन्नर यांनी लसीकरणाचा पाया घातला. १८०२ साली मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचली गेली आणि हिंदुस्थानात तिचे पर्व सुरू झाले. १९८० साली देवीचा रोग जगातून हद्दपार झाल्याची घोषणा झाली. आजी-आजोबांच्या दंडावरचा तो व्रण म्हणजे या विजयाची मुद्राच होय.

मात्र या विजयाला दुसरी बाजू आहे. देवी संपली, म्हणून लस टोचणेही थांबले. त्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांच्या दंडावर तो व्रण नाही आणि त्या कुळातील विषाणूंविरुद्ध मिळणारे संरक्षणही नाही. विषाणूंचे ते कूळ मात्र संपलेले नाही. मूळची गाईची देवी आज प्रामुख्याने युरोप आणि त्यालगतच्या प्रदेशात आढळते. तिथे तिचे खरे घर गाय नसून उंदरांसारखे प्राणी आहेत आणि माणसाला ती बहुधा मांजरांकडून लागते. आपल्याकडची चिंता वेगळी आहे. ती म्हशींच्या देवीची, म्हणजेच बफेलोपॉक्सची आहे. हा विषाणू देवीच्या लशीतील विषाणूचा अगदी जवळचा भाऊबंद आहे. पूर्वी भारतात ही लस रेडकांच्या कातडीवर वाढवली जात असे. तेथूनच तो म्हशींत स्थिरावला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. १९८५ ते १९८७ आणि पुन्हा १९९२ ते १९९६ या काळात राज्यात त्याच्या साथी आल्या व त्यांचा अभ्यासही झाला. २००९ साली सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत म्हशींबरोबर दीडशेहून अधिक माणसांना त्याची बाधा झाली. जनावराच्या सडांवर, कासेवर, कधी कानांवर फोड येतात. धार काढणाऱ्याच्या बोटांवर, मनगटावर तसेच फोड उठतात, ताप येतो, काखेत अवधाण येते. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. परंतु ज्याचे अंगावर पोसणे गाई-म्हशींवरच आहे, त्याचे हात काही आठवडे निकामी होणे आणि त्याच वेळी दूध आटणे, हा दुहेरी फटका लहान नव्हे. इसब असलेले किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांनी तर विशेष जपले पाहिजे.

दुर्दैवाची गोष्ट अशी की, जिथे भय नको तिथे ते उसळते आणि जिथे दक्षता हवी तिथे बेफिकिरी दिसते. २०२२ साली लम्पी चर्मरोगाने राज्यातील गोधनावर घाला घातला, तेव्हा लम्पीमुळे माणसाला बाधा होते अशी आवई उठली आणि लोक दुधाकडेही संशयाने पाहू लागले. वस्तुतः लम्पीचा विषाणू वेगळ्या गटातला असून तो माणसाला होत नाही. अफवेपायी गवळ्याचे दूध मात्र पडून राहते. याउलट म्हशीच्या सडावरचे फोड 'उष्णतेचे' म्हणून दुर्लक्षिले जातात आणि त्याच हातांनी पुढच्या जनावराची धार काढली जाते. रोग गोठ्यात फिरवणारे वाहन म्हणजे बहुतेक वेळा आपलेच हात असतात.

उपाय अवघड नाहीत. आजारी जनावर वेगळे बांधावे, त्याची धार सर्वांत शेवटी काढावी. हातावर जखम असलेल्याने ते काम करू नये. धारेपूर्वी व नंतर हात साबणाने धुवावेत, सड स्वच्छ करावेत. गळून पडलेल्या खपल्यांतही विषाणू टिकून राहतो, म्हणून गोठा झाडून त्या नष्ट कराव्यात. दूध उकळूनच प्यावे. लहान मुलांना अशा जनावराजवळ जाऊ देऊ नये. हातावर फोड आल्यास आरोग्य केंद्रात जाताना घरच्या जनावराच्या फोडांविषयी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तो धागा हाती लागला नाही, तर निदान चुकते.

शासनाचेही कर्तव्य येथेच आहे. पशुवैद्यकीय दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ही दोन स्वतंत्र खाती असली, तरी रोग खाती पाहून पसरत नाही. एका गावात जनावरांत फोड दिसल्याची वर्दी त्याच दिवशी दुसऱ्या खात्यास मिळाली पाहिजे. डोंगराळ तालुक्यांत रिक्त पदांमुळे ही साखळी तुटू नये. गावोगावच्या कार्यकर्त्यांना येथे मोठे काम करता येईल. घरोघरी जाऊन गोठ्याच्या स्वच्छतेचे दोन शब्द सांगणे, अफवा खोडून काढणे आणि वेळीच डॉक्टरांना बोलावणे ही सेवाच आहे.

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. ज्या कासेतून घराला अमृत मिळते, ती निरोगी राखणे हाही त्या पूजेचाच विधी मानला, तर गोधन सुरक्षित राहील आणि ते सांभाळणारे हातही.