भाडे चौघांचे, नाव एकाचे

दहावी-बारावीचे निकाल लागले की परभणीत खोल्यांचा हंगाम सुरू होतो. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या तालुक्यांतली, शेजारच्या हिंगोली-बीड-जालन्यातलीही मुले-मुली शिकायला शहरात येतात. १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, जुनी कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालये, अलीकडे सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नीटचे क्लास, पोलीस भरतीची तयारी, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, अशी येण्याची कारणे अनेक. वसतिगृहांतल्या जागा मोजक्या, त्या सगळ्यांना पुरत नाहीत. उरलेली मुले तिघे-चौघे मिळून रूम करून राहतात. एक जण गॅस आणतो, दुसरा कूलर, तिसऱ्याच्या गावाहून सकाळच्या एसटीने डबा येतो आणि तो सगळे मिळून खातात. जिल्ह्यातल्या कितीतरी शेतकरी-शेतमजूर घरांतली पहिली पदवी याच सोयीवर उभी राहिली आहे. म्हणून ही सोय नीट चालावी याची काळजी केवळ त्या चौघांनी करावी, असे मला वाटत नाही.

या सोयीतली एक गोष्ट मात्र मुळातच चुकलेली आहे. राहतात चौघे, भाडे देतात चौघे, पण घरमालकाच्या लेखी भाडेकरू एकच असतो: ज्याने आधी खोली पाहिली आणि डिपॉझिट हातावर ठेवले तो. करारनामा झालाच तर त्याच्या एकट्याच्या नावाने होतो. भाडे त्याच्याच फोनवरून जाते. बाकीचे आपापला वाटा त्याच्याकडे पाठवतात. म्हणजे उरलेल्या तिघांकडे आपण इथे राहतो आणि भाडे भरतो याचा पुरावा म्हणून मित्राला पाठवलेल्या पैशांच्या नोंदीखेरीज काही नसते. रूम पार्टनरांच्या भांडणांबद्दल बोलताना आपण स्वभावाचा, सवयींचा, भांडी कोणी घासायची याचा विषय काढतो. ती भांडणे दोन दिवसांत मिटतात. मैत्री कायमची तुटते ती पैशांवरून, आणि पैशांची भांडणे बहुतेक वेळा या एका नावाच्या कागदातून जन्मतात.

डिपॉझिटचेच पाहा. पहिल्या वर्षी चौघे समान रक्कम भरतात. एकाचा अभ्यासक्रम संपतो, तो जातो. त्याचा वाटा घरमालक परत करत नाही, त्याच्या जागी येणारा नवा मुलगा जाणाऱ्याच्या हातावर ठेवतो. पुढच्या वर्षी आणखी एक बदलतो, पुन्हा तसेच. दोन-तीन वर्षांत खोलीत मूळचा एकही जण उरत नाही, पण घरमालकाच्या वहीत डिपॉझिट पहिल्याच मुलाच्या नावावर असते. शेवटी खोली रिकामी करताना रंगाचे, तुटलेल्या नळाचे पैसे कापून रक्कम कोणाला द्यायची, असा प्रश्न येतो. घरमालक म्हणतो, ज्याने दिले त्याला देईन. त्यात त्याची लबाडी असेलच असे नाही. त्याच्यापुढे कागदच तेवढा असतो. हीच गत लाइट बिलाची. परभणीच्या मे महिन्यात कूलरशिवाय रात्र निघत नाही. परीक्षा संपवून तिघे गावी गेले आणि एक जण भरतीच्या तयारीसाठी राहिला, तर त्या महिन्याचे बिल चौघांत वाटायचे की त्याने एकट्याने भरायचे, हे आधी ठरलेले नसते. ठरलेले असले तरी लिहिलेले नसते.

कायदा याबाबतीत आपल्या समजुतीपेक्षा बराच स्पष्ट आहे. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज मराठवाड्यात घट्ट रुजला आहे. तो १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आला. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा महिने. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने ही पळवाट बंद केली. मुदत कितीही असो, भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. स्टँपपेपरवर नोटरी करून घेणे म्हणजे नोंदणी नव्हे. त्याच कायद्याने भाड्याची लेखी पावती देणे बंधनकारक केले आहे आणि पाणी-वीज तोडून भाडेकरूला हुसकावण्यास मनाई केली आहे. पण हे संरक्षण मागायला आपण भाडेकरू आहोत हे दाखवावे लागते. नाव नसलेला चौथा मुलगा कायद्यापुढे कोण ठरतो? ज्याच्या नावे करार आहे त्याचा पाहुणा. आणि त्याच्याकडून भाड्याचा वाटा घेणारा मित्र, घरमालकाची लेखी परवानगी नसेल तर, पोटभाडेकरू ठेवल्याच्या आरोपाला जागा करून देतो.

याची सर्वांत मोठी किंमत मोजतात ती सरकारी मदतीवर अवलंबून असलेली मुले. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. स्वाधारमध्ये परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३ हजार रुपये मिळतात; त्यात भोजनाचे २५ हजार, निवासाचे १२ हजार आणि निर्वाहाचे ६ हजार. निवासाचे महिन्याला हजार रुपये म्हणजे शासनानेच गृहीत धरले आहे की हा विद्यार्थी खोली वाटून घेणार, कारण त्या पैशांत एकट्याला खोली मिळणे कठीण. मग वाटून घेतलेल्या खोलीत त्याचे नाव कागदावर कसे येईल, याचाही विचार शासनाने करायला हवा होता. अर्जासोबत आपण शहरात कुठे राहतो याचा पुरावा लागतो, आणि इथेच अनेकांची धावपळ सुरू होते. करार मित्राच्या नावाने, घरमालक चिठ्ठी द्यायला तयार नाही. ज्या मुलाला हजार रुपयांची खरी गरज आहे, त्याच्यापाशी दाखवायला काही नाही.

मंडळींनी एकत्र राहणे आणि ते कागदावर चोख ठेवणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसांनी लालबाग-परळ भागात गावाच्या मंडळांच्या खोल्या चालवल्या. एका खोलीत पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपणारी कितीतरी माणसे, प्रत्येकाची एक ट्रंक, जेवण खानावळीत. पण मंडळाची वर्गणी ठरलेली, हिशेब वहीत, आणि गावाहून नवा माणूस आला की त्याचे नाव त्या वहीत चढायचे. गोव्याच्या गावांनी मुंबईत काढलेल्या, कूड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रामक्लबांचीही रीत अशीच होती: वर्गणी, नियम आणि सभासदांची यादी. ही माणसे फार शिकलेली नव्हती, जागा आजच्या रूमपेक्षा कितीतरी अडचणीची होती. तरीही त्या व्यवस्था पिढ्यान् पिढ्या टिकल्या, कारण तिथे राहणारा प्रत्येक जण नावानिशी सभासद होता. एम.एस्सी. ॲग्रीच्या विद्यार्थ्याला आज तेवढेही मिळत नाही.

घरमालकांचे आक्षेप मी हलक्यात घेत नाही. परभणीत खोल्या देणारे बहुतेक जण मोठे भांडवलदार नाहीत. निवृत्त शिक्षक, गावाकडे थोडी कोरडवाहू जमीन असलेली कुटुंबे, वरचा मजला बांधून त्या भाड्यावर म्हातारपण काढणारी माणसे. त्यांना धास्ती असते की चार नावे कागदावर घातली तर चार जण हक्क सांगतील. प्रत्यक्षात उलट आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार मुदत संपताच जागा परत मिळवण्याचा सरळ मार्ग देतो. भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. जागा अडकण्याचा धोका तोंडी व्यवहारात जास्त आहे. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्या, असे आदेश वेळोवेळी निघतात, तेव्हाही एकाचेच नाव देणारा घरमालक अडचणीत येतो. खर्चाचा मुद्दाही टिकत नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आणि शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये. वर इतर किरकोळ खर्च धरून चौघांत वाटले तर प्रत्येकी काही शे रुपये. एक आक्षेप मात्र खरा आहे. जागा भाड्याने दिल्याचे नोंदले की घरपट्टी वाढेल, ही भीती अनेकांना नोंदणीपासून दूर ठेवते. विद्यार्थ्यांना नोंदणीकृत कराराने खोली देणाऱ्याची घरपट्टी त्या कारणाने वाढणार नाही, असे महापालिकेने जाहीर करावे. थोड्या महसुलावर पाणी सोडून शहराला आपल्या विद्यार्थ्यांची खरी नोंद मिळेल, आणि पाणीपुरवठ्याचे नियोजन करतानाही ती उपयोगी पडेल.

विद्यार्थ्यांच्या बाजूनेही एक शंका निघते, आणि ती बिनबुडाची नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ४३ नुसार, अनेकांनी मिळून दिलेले वचन कोणाही एकाकडून पूर्ण वसूल करता येते. म्हणजे चौघांनी सही केली आणि तिघे पळाले, तर घरमालक चौथ्याकडे सगळे भाडे मागू शकतो. पण आजही तेच होते, फक्त त्या एकाला इतरांकडून वाटा मागायला आधार नसतो. तोच कायदा म्हणतो की ज्याने सगळे भरले तो इतरांकडून त्यांचा वाटा वसूल करू शकतो. त्याहून चांगले म्हणजे करारातच वाटे लिहावेत: प्रत्येकाचे भाडे इतके, डिपॉझिट इतके, तेवढ्यापुरतीच जबाबदारी. वर्षाच्या मध्यात कोणी बदलला तर नवा पुरवणी करार करावा आणि डिपॉझिट घरमालकाच्या हातून फिरावे. नीटसाठी आलेली अकरावी-बारावीची मुले अज्ञान असतात, त्यांची सही कायद्याने चालत नाही. तिथे पालकांनी सही करावी. विश्वासावर चाललेय, कागद कशाला, असे पालक म्हणतात. शेत ठोक्याने देताना मात्र तेच पालक आता चिठ्ठी करून घेतात.

करारनाम्याने सगळे सुटत नाही, हेही सांगितले पाहिजे. आडनाव ऐकून खोली नाकारली जाते, धर्म विचारला जातो, मुलींना फक्त फॅमिलीला देतो म्हणून परत पाठवले जाते. जो दारातच अडवला गेला त्याला करारातले कलम उपयोगाचे नाही. ती लढाई वेगळी आहे आणि तिच्यावर या स्तंभात स्वतंत्रपणे लिहावे लागेल. पण जी मुले आत राहत आहेत, त्यांचे अस्तित्व तरी कागदावर यावे. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळी कराराचा साधा मराठी नमुना द्यावा, समाजकल्याण कार्यालयाने एकाच करारावर सर्व नावे असतील तर तो प्रत्येकाचा निवासाचा पुरावा म्हणून मान्य असल्याचे फलकावर लावावे. आणि यंदा मुलाला खोली पाहून द्यायला परभणीत येणाऱ्या पालकांनी डिपॉझिट देण्याआधी घरमालकांना एवढेच सांगावे: करार नोंदवा, आणि त्यात आमच्या मुलाचे नाव घाला.