सासूबाईंचे प्रेम आणि सातबारा



'झी मराठी'वरची 'अग्गंबाई सासूबाई' ही मालिका जुलै २०१९ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२१ मध्ये संपली. अमरावती-अकोल्याकडच्या बैठकांत मात्र तिचा विषय अजून निघतो. आसावरी ही विधवा, लग्न झालेल्या मुलाची आई. अभिजित राजे या नावाजलेल्या शेफवर तिचा जीव जडतो आणि ती ते मुलापासून, सासऱ्यांपासून लपवते. पुढाकार घेते ती सून शुभ्रा. सासूच्या लग्नासाठी सून झटते, हे सासू-सुनेच्या त्याच त्या भांडणांना विटलेल्या बायकांना आवडले. तेवढे श्रेय मालिकेला द्यायलाच हवे.

टीका मात्र बहुतेक 'बबड्या'वर झाली. लाडावलेला सोहम २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी चेष्टेचा विषय झाला, आणि त्याच्याबरोबर 'ही बाई इतकी बावळट कशी' म्हणून आसावरीलाही बोल लागले. आईने मुलाला बिघडवले, इथेच चर्चा थांबली. एवढ्या वयाच्या बाईला आपले प्रेम चोरीच्या मालासारखे का जपावे लागते, हे फार थोड्यांनी विचारले. ज्यांनी विषयाची दखल घेतली त्यांनी तो 'धाडसी' ठरवला. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून, बायको गेली की दुसरी करणाऱ्या पुरुषाला जी मोकळीक ती विधवेला का नाही, असे खडसावले होते. त्यानंतर १३७ वर्षांनी हे धाडस!

मालिकेत अडसर आहे तो मुलाच्या रुसव्याचा आणि लोकलाजेचा. 'लोक काय म्हणतीन' हे आपल्याकडेही आहेच. पण आपल्या बाईच्या लपवण्यामागे हिशेबही असतो. शेतकरी आत्महत्यांत अमरावती विभाग वर्षानुवर्षे राज्यात पुढे राहिला आहे. मागे राहिलेल्या बाईचे नाव सातबारावर चढवताना दीर-सासरे खळखळ करतात. अशा वेळी ती कुणाशी दोन शब्द बोलताना दिसली, तरी तेच वारस नोंदीच्या आड आणले जाते. इंदिरा गांधी विधवा निवृत्तिवेतन तर पुनर्विवाह केला की थांबते. एकटी राहिली तर मदत, सोबत शोधली तर बंद. मग तिने लपवले तर त्याला भित्रेपणा म्हणायचे की व्यवहार?

ही गाठ जुनीच आहे. १८५६ च्या कायद्याने विधवेला लग्नाची मुभा दिली आणि त्याच कायद्याने, लग्न करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क काढून घेतला. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्यामागे मिळालेला हिस्सा विधवेच्या पूर्ण मालकीचा असतो. पुढे तिने लग्न केले तरी तो जात नाही. आपल्या किती गटांत हे मोठ्याने वाचून दाखवले गेले आहे? वऱ्हाडात कितीतरी जातींत पाट लागत असे, असे अभिमानाने सांगतात. पण पाटाच्या बाईला लग्नाच्या बाईचा मान नव्हता, हे सांगायचे राहून जाते.

'आई कुठे काय करते'मधल्या घटस्फोटित अरुंधतीने काही लपवले नाही. २०२३ मध्ये तिचे आशुतोषशी लग्न लागले, त्यावरही प्रेक्षकांत बरीच नाके मुरडली गेली. पुढच्याच वर्षी मालिकेने आशुतोषला मारून टाकले. चाळिशी उलटलेल्या बाईचा संसार सुखाचा चाललेला दाखवायला लेखकांना कथाच सापडली नसावी.

पुढच्या अंकासाठी गटांनी लिहून पाठवावे: आपल्या गावात उतारवयात सोबत शोधणाऱ्या बाईला आधी कोणी अडवले? मुलाने, भावकीने, की तलाठ्याकडच्या कागदाने? नाव आणि गाव लिहू नये.