एलएनजी : कोळशाला पर्याय की नवे परावलंबन?

कोळसा सोडायचा आहे, पण सूर्य आणि वाऱ्यावर एकदम सगळे भागत नाही, म्हणून मधल्या काळात गॅस वापरा, असा सल्ला गेली काही वर्षे आपल्याला दिला जातोय. नैसर्गिक वायू उणे 162 अंशांपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो, आकारमान सुमारे 600 पटींनी घटते आणि तो जहाजात भरून नेता येतो. हाच एलएनजी. वीज करताना तो कोळशाच्या जवळपास निम्माच कार्बन डायऑक्साइड सोडतो. इथपर्यंत गोष्ट खरी आहे.

पण हिशेब धुराड्यापाशी संपत नाही. हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. विहिरीतून, पाइपातून, जहाजातून तो गळाला, तर 20 वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून जास्त उष्णता अडवतो. गळती वाढली की कोळशावरचा फायदा गेलाच.

भावाचा सवाल तर त्याहून जवळचा. 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियाचा गॅस आटला, तेव्हा युरोपने मिळेल त्या भावाने जहाजे उचलली. त्याच जुलैत पाकिस्तानने सुमारे 1 अब्ज डॉलरच्या एलएनजीची निविदा काढली. एकही बोली आली नाही. बांगलादेशाने खुल्या बाजारातली खरेदीच थांबवली. भारनियमन मात्र गरिबांच्या वाट्याला आले. पुढे पाकिस्तानात काय झाले पाहा. लोकांनी सरकारची वाट न बघता छपरांवर चिनी सोलर पॅनल चढवले. 2024 या एकाच वर्षात सुमारे 17 गिगावॅटची पॅनल आयात झाली, आणि 2025 मध्ये करारातली कतारची जहाजे पुढे ढकलायची पाळी आली!

आपल्याकडे गुहागर तालुक्यातला दाभोळ प्रकल्प आठवा. 1967 मेगावॅटची क्षमता, पण गॅसअभावी संच दीर्घकाळ पडून राहिले. शेजारच्या एलएनजी टर्मिनलचा ब्रेकवॉटर कित्येक वर्षे अपुरा, त्यामुळे पावसाळ्यात जहाज लागायचे नाही. तरी ऊर्जेतला गॅसचा वाटा 2030 पर्यंत 15 टक्क्यांवर न्यायचे भारताचे उद्दिष्ट आहे. कतारशी वर्षाला 75 लाख टनांचा करार फेब्रुवारी 2024 मध्ये 2048 पर्यंत वाढवला गेला. लांबच्या कराराने भावाचे झटके कमी बसतात, हे मान्य. पण तो गॅस जायचा कुठे, हे आत्ताच ठरवायला हवे. खतकारखाने, कारखान्यांच्या भट्ट्या, सूर्य मावळल्यानंतरचे दोन-चार तास, इथे तो हवाच. दिवसरात्र चालणारी नवी वीजकेंद्रे त्याच्या भरवशावर उभारणे मात्र आम्हाला पटत नाही. जे संच आहेत, त्यांनाच परवडणारा गॅस मिळत नाहीये.