बारगीर पाहिजे



या अंकात परीक्षा आणि शिस्त यांविषयी लिहायचे ठरवले होते. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे इंग्लंडला भाचीकडे राहून आले आणि तेथे पाहिलेली एक गोष्ट मनातून जात नाही. ती आधी सांगते. आपल्या शाळेशी तिचा संबंध आहे.

भाचीची एक घोडी आहे, नऊ वर्षांची. घरात तान्हे मूल आणि त्यात नोकरी, त्यामुळे आठवड्यात तीन दिवसांहून जास्त स्वारी तिला जमत नाही. स्पर्धा तर बंदच झाल्या. घोडी विकायची नाही, म्हणून तिने साझेदार शोधायला घेतला. तिकडे ही पद्धत जुनीच आहे. मालकी मालकाचीच राहते. साझेदार ठरलेल्या दिवशी स्वारी करतो, त्या दिवशीची लीद, खरारा, चारा-पाणी तोच बघतो आणि महिन्याच्या खर्चात ठरलेला वाटा देतो.

मला हे ऐकून आपला इतिहासाचा तास आठवला. मराठ्यांच्या फौजेत स्वतःच्या घोड्यावर येणारा तो शिलेदार आणि दुसऱ्याने दिलेल्या घोड्यावर लढणारा तो बारगीर. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि त्यांच्यासाठी एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे घोडा कोणाचा, पाणी कोण देणार, नाल कोण ठोकणार, हे सारे आधीच ठरलेले. भाचीला मी म्हटले, “तुला बारगीर पाहिजे.” ती म्हणाली, “हो मावशी, पण लढणारा!”

दोघी जणी येऊन भेटल्या. एक मध्यमवयीन, गोड बोलणारी. तिला फक्त रानातून संथ फेरफटका हवा होता. दुसरी बावीस-तेवीस वर्षांची. तिने बसल्या बसल्या सांगितले की पुढच्या मोसमात नव्वद सेंटीमीटर उंचीच्या उड्यांच्या स्पर्धेत उतरायचे आहे. मला पहिली आवडली, दुसरी जरा आपमतलबी वाटली. भाची हसली. “मावशी, बाई चांगल्या आहेत, पण त्यांना शांत घोडी हवी. हिला तीन दिवस नुसते फिरवले तर चौथ्या दिवशी ती मलाच पाडेल. हिला काम हवे. आणि त्या मुलीने मनातले सांगितले तरी. गप्प बसून सहा महिन्यांनी सांगितले असते तर?”

मी निरुत्तर झाले. जिंकायचे आहे असे उघड बोलणारे मूल आपल्याला आगाऊ वाटते आणि मनात ठेवणारे समजूतदार. माझ्याकडूनही वर्षानुवर्षे हीच चूक होत आली आहे.

मग दोघींनी मिळून कागद केला. स्पर्धेचे शुल्क कोण भरणार, घोडी वाहून नेण्याचे भाडे कोणाचे, संघटनेत स्वाराचे सदस्यत्व आणि घोडीची नोंदणी कोणाच्या खर्चाने, विमा कोणाचा, सहा ते आठ आठवड्यांनी येणाऱ्या नालबंदाचे पैसे कसे वाटायचे, घोडी लंगडली तर डॉक्टरला कोण बोलावणार. सर्वांत महत्त्वाचे कलम असे: स्पर्धेच्या दिवशी घोडी ठीक नाही असे दोघींपैकी एकीला जरी वाटले, तरी माघार. भरलेले शुल्क गेले तर निम्मे-निम्मे.

मी तिथे असतानाच हे कलम कामाला आले. गावातल्या एका छोट्या स्पर्धेच्या सकाळी त्या मुलीचा फोन आला. घोडी चालताना पुढचा पाय चोरते आहे, मी नेत नाही. नाल सैल झाली होती, दोन दिवसांत सगळे ठीक झाले. मुलीचा आवाज रडवेला होता, पण वाद झाला नाही, कारण वाद करण्यासारखे काही शिल्लकच नव्हते.

कॉलेजमध्ये असताना मैत्रिणीबरोबर भागीदारीत मी एक सायकल घेतली होती. कागद कसला, तोंडीसुद्धा काही ठरले नव्हते. एकदा तिच्या हातून पुढचे चाक वाकले. दुरुस्तीचा खर्चा किरकोळ होता, पण आमचे बोलणे बंद झाले ते कायमचे. दोघींपैकी वाईट कोणीच नव्हते.

दुसऱ्याच्या घोड्यावर बसून मोठे होता येते का, असे कोणी विचारील. फवाद मिर्झाने २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्यपदके मिळवली आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो तेविसावा आला. दोन्ही वेळी ज्या घोड्यावर तो होता, तो सिन्यूर मेडिकॉट त्याच्या प्रायोजकांच्या मालकीचा होता. आणि २०२३ मध्ये हांगचौ येथे ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकून भारताला घोडेस्वारीत १९८२ नंतरचे पहिले सुवर्ण देणाऱ्या चौघांत सुदीप्ती हजेला ही आपल्या इंदूरचीच. या खेळात पदक एकट्याचे कधीच नसते.

आता शाळेकडे येते. आपल्याकडे घोडे नाहीत, पण हार्मोनियम एक आहे, तबल्याची जोडी एक आहे, क्रिकेटचे सामान एकच आहे, आणि त्यावर हात ठेवू पाहणारी मुले पुष्कळ. आंतरशालेय स्पर्धा आली की कुरबूर सुरू होते आणि आम्ही शिक्षक “वाटून घ्या रे” म्हणून मोकळे होतो. पण वाटून कसे घ्यायचे, हे आम्ही शिकवतच नाही.

या सत्रापासून प्रत्येक साझ्या वस्तूसाठी मुलांनी स्वतः एक पानाचा करार लिहावा, असा माझा प्रस्ताव आहे. कोणाचे वार कोणते, निगा कोण राखणार, मोडली तर काय, आणि स्पर्धेसाठी ज्याला जास्त वेळ हवा त्याने तो सर्वांसमोर मागायचा. मागणाऱ्याला कोणी हावरा म्हणायचे नाही. मात्र ज्याला जास्त वेळ, त्याच्यावर पुसण्या-झाकण्याची जिम्मेदारीही जास्त.

पालकांनी घरी याविषयी मुलांशी बोलावे आणि आपले मत मला कळवावे, ही विनंती. विरोधी मत असेल तर तेही अवश्य कळवावे.

– प्राचार्या