850 टन कुठे गेले?

निर्यातबंदी असतानाही सहा देशांना कांदा पाठवायला केंद्राने परवानगी दिल्याची शुभवार्ता 2024 च्या एप्रिलमधल्या एका शनिवारी येऊन थडकली आणि तिच्यातला आकडा पाहून आम्ही जागीच थबकलो. 99,150 टन. पूर्ण लाख नव्हे! बाटाच्या चपलेवर शोभावा असा हा आकडा. उरलेले 850 टन सोडले असते तर देशाच्या अन्नसुरक्षेला कोणते भगदाड पडणार होते, या चिंतेने पेन्सिल घेऊन बसलो. बांगलादेश 50,000, संयुक्त अरब अमिराती 34,400, श्रीलंका 10,000, बहरीन 3,000, मॉरिशस 1,200, भूतान 550. बेरीज चोख. गंमत एवढीच, की या सगळ्या परवानग्या मार्चपासून हप्त्याहप्त्याने आधीच देऊन झालेल्या. जुन्या चिठ्ठ्या एकत्र टाचल्या, खाली बेरजेची रेघ ओढली आणि निर्णय तयार. वृत्तवाहिन्यांनी तर निर्यातबंदी उठल्याचे फटाकेही वाजवून घेतले.

ही बेरीज नेमकी शनिवारीच का सुचली, हे सांगायला ज्योतिषी नको. गुरुवारी गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला वाट मोकळी झाली होती आणि इकडे नाशिकच्या निफाड-चांदवडात त्याची जळजळ उठली होती. ती अधिसूचना वाचण्यासारखी आहे. कांदा पांढराच आहे आणि इतकाच आहे, असा गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांचा दाखला हवा होता. दाखला मिळाला की मुंद्रा, पिपावाव किंवा न्हावा-शेवा या बंदरांतून त्याने खुशाल परदेशी जावे. शाळाप्रवेशाला लागतात तसे आता कांद्यालाही रंगाचे आणि रहिवासाचे दाखले! त्यातही न्हावा-शेवा रायगड जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यात अलिबागचा पांढरा कांदा पिकतो. भौगोलिक मानांकनवाला, वेण्या घालून टांगलेला, नुसता भाकरीबरोबर खावा इतका गोड. तो पांढरा आहे याबद्दल दिल्लीत दुमत असेल असे वाटत नाही. आमच्या मते तर कांदा म्हणावा असा तो एकच, बाकी नुसता फोडणीचा माल. आता तो वडखळच्या पुढे जाण्याआधीच मुंबईकर फस्त करतात आणि निर्यातीला उरत नाही, हे खरे. पण विचारायला काय जात होते? सरकारचा खुलासा असा होता, की पांढरा कांदा निर्यातीसाठीच लावतात, त्याचे बियाणे महाग आणि खर्च जास्त. नाशिकच्या उन्हाळ कांद्याला बियाणे, मजुरी आणि खते देवस्थानाकडून प्रसाद म्हणून मिळतात, असा अर्थ घ्यायचा काय?

परवानगीचा हा कांदाही ज्याच्या कांदाचाळीत होता त्याने पाठवायचा नव्हता. तो पाठवणार होती नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स ही सहकारी कंपनी, आणि तोही सर्वांत कमी दर भरणाऱ्याकडून घेऊन. निर्यात म्हणजे जास्त भाव, हा आमचा अडाणी समज एकदाचा मोडला. 2022-23 मध्ये देशातून 25 लाख टनांच्या आसपास कांदा बाहेर गेला होता. भूतानचे 550 टन तर लासलगावच्या ऐन हंगामातल्या एका दिवसाच्या आवकेहूनही कमी.

ज्या शेजाऱ्यांवर ही मेहेरबानी, त्यांची कथा याहून बहारदार. 2019 मध्ये बंदी अचानक घातली, तेव्हा बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन हसत हसत म्हणाल्या होत्या, की मी आचाऱ्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितले आहे, पुढच्या वेळी जरा आधी कळवा. आपण ते इतके मनावर घेतले, की 2020 च्या सप्टेंबरात सीमेवर मालाने भरलेले ट्रक उभे असताना बंदी घातली आणि 2023 च्या डिसेंबरात पुन्हा एका रात्रीत. नेपाळची रांगेतही वर्णी लागली नाही. सहा देशांत त्याचे नावच नव्हते. आणि मालदीव? ‘भारत हटाव’च्या घोषणेवर तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी निवडणूक जिंकली, आपल्या जवानांना मुदत घालून परत पाठवले. त्या मालदीवला त्याच एप्रिलमध्ये 35,749.13 टन कांदा मंजूर झाला. जोडीला अंडी, 42 कोटी 75 लाख 36 हजार 904. शेवटची चार अंडी कोणाच्या न्याहारीची, हे विचारू नये. 1981 च्या करारातल्या कोट्यात पाच टक्के वाढ केली की असे अपूर्णांक पडतात. पण पाच लाखांच्या वस्तीला माणशी सत्तर किलो कांदा! पर्यटक धरले तरी मोजणाऱ्याला रडू यावे. नेपाळने यातून काय बोध घ्यावा, हे आम्ही काठमांडूला कळवत नाही. परराष्ट्र धोरण म्हणून याला काही नाव असेलच, आम्हाला तो निव्वळ लहरीपणा दिसतो. त्याची किंमत ढाक्याच्या स्वयंपाकघराने आणि येवल्याच्या चाळीने मोजली. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या पेठेत जायला लागले, की बंदी उठवूनही परत येत नाही.

बंदीची मुदत मुळात 31 मार्चला संपणार होती. ती आठवडाभर आधीच ‘पुढील आदेशापर्यंत’ वाढली. दिंडोरी आणि नाशिकमध्ये लोकसभेचे मतदान 20 मे रोजी होते.